ड्राफ्टमध्ये नाव नाही आलं, तर?

भाचा न्यू जर्सीत कॉलेजकडून बास्केटबॉल खेळतो, हे शेवटचं वर्ष, आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ दोन फेऱ्यांत नवे खेळाडू निवडतात त्यात, नाव लागणार नाही असं कोचनं तोंडावर सांगितलंय. मग एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉल लीगचा, नाद सोडायचा का, असा तुमचा प्रश्न.

इतक्यात नको. अगदी शेवटच्या नंबरांत निवडलं जाण्यापेक्षा अजिबात न निवडलं जाणं कधीकधी परवडतं. दुसऱ्या फेरीत संघानं उचललं की हक्क त्यांचे, पण पैशांची हमी नाही. त्यांच्याकडे तुमच्या जागेवर आधीच चौघं बसलेले असले तरी तुम्ही तिथेच अडकता. ज्याचं नाव पुकारलं गेलं नाही, तो त्याच रात्री मोकळा असतो आणि जिथे जागा आहे तिथे जाऊ शकतो.

२०१६ चा फ्रेड व्हॅनव्लीट आठवा. इलिनॉयमधल्या रॉकफर्डचा पोरगा, विचिटा स्टेटकडून चार वर्षं खेळलेला, उंची जेमतेम सहा फूट. ड्राफ्टच्या रात्री पार्टी ठेवलेली, पाहुणे जमलेले. दुसऱ्या फेरीत विचारणा झाली, पण अट अशी की दोन वर्षं डी-लीगमध्ये (आताची जी-लीग, एनबीएच्या खालची लीग) वर्षाला २० हजार डॉलरवर खेळायचं. त्यानं नकार दिला, आणि नाव पुकारलं गेलंच नाही. पुढे टोरोंटो रॅप्टर्स या एनबीए संघाकडून समर लीग (उन्हाळ्यातले नवख्यांचे सामने) खेळला, मग सराव शिबिरात इतरांना मागे टाकून १५वी, म्हणजे शेवटची, जागा मिळवली.

तिथून त्याला अधूनमधून 'रॅप्टर्स ९०५'कडे पाठवत. हा रॅप्टर्सचाच जी-लीगमधला संघ, आम्हा मिसिसागाकरांचा, टोरोंटोच्या शेजारचा. ९०५ हा आमचा फोनचा एरिया कोड. इथे एकदा सामना बघाच. कधीकधी शाळेच्या मुलांसाठी सकाळीच सामना लावतात. हजारो पोरं किंचाळत असतात, खेळाकडे निम्म्यांचंही लक्ष नसतं. अशाच एका सामन्यात २० पॉइंटांनी मागे असताना एक गडी बाहेर जाणाऱ्या चेंडूसाठी थेट खुर्च्यांत घुसला. उठला, कोपर चोळलं आणि धावत बचावाला परतला. मोसमाला ४०-४५ हजार डॉलर मिळवणारा माणूस हे करत होता!

व्हॅनव्लीटचं पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ च्या एनबीए फायनलमध्ये चौथ्या सामन्यात तोंडावर कोपर बसून दात तुटला, टाके पडले. सहाव्या सामन्यात त्याच चेहऱ्यानं २२ पॉइंट, त्यातले १२ शेवटच्या क्वार्टरमध्ये, आणि टोरोंटोला विजेतेपद. २०२३ मध्ये ह्यूस्टननं तीन वर्षांसाठी सुमारे १३ कोटी डॉलर मोजले.

आपल्या लोकांना सतनाम सिंगचं नाव माहीत असतं: २०१५, डॅलस, ५२वा नंबर. पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सिम भुल्लर सॅक्रामेंटोकडून मैदानात उतरला, एनबीएत खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. हा शेजारच्या ब्रॅम्प्टनचा, साडेसात फुटांच्या आसपास, आणि आदल्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलं नव्हतं. दहा दिवसांच्या करारावर एकूण तीनच सामने खेळला, पण खेळला. नंतर ९०५कडेही होता.

आता कामाचं. भाच्याच्या हातात बहुधा 'एक्झिबिट टेन' नावाचा करार येईल. घरात पेढे वाटायची घाई करू नका. तो शिबिरापुरता असतो. बहुतेकांना मोसम सुरू होण्याआधी नारळ मिळतो. मात्र त्यानंतर त्याच संघाच्या जी-लीग संघात ६० दिवस टिकला तर बोनस मिळतो. खरी नजर ठेवायची ती 'टू-वे'वर, म्हणजे एनबीए आणि जी-लीग दोन्हीकडे खेळवणाऱ्या करारावर. पगार पाच लाख डॉलरच्या वर, मोसमात एनबीएचे ५० सामने खेळायची मुभा, पण प्रत्येक संघाकडे अशा जागा फक्त तीन.

युरोपलाही नाक मुरडू नका. यूडोनिस हॅसलेम २००२ मध्ये ड्राफ्टमधून राहिला, वर्षभर फ्रान्समध्ये खेळला, वजन उतरवलं आणि मग मायामीकडे २० मोसम काढले, विजेतेपदाच्या तीन अंगठ्यांसकट.

एजंट बड्या संघाचं नाव घेऊन येईल, पोरगं लगेच पाघळेल. तुम्ही मामा म्हणून एवढंच विचारा: त्यांच्या तीनपैकी किती टू-वे आज रिकाम्या आहेत, आणि भाच्याच्या जागेवर आधीच किती जण आहेत? एजंटनं विषय बदलला, तर दुसऱ्या संघाला फोन लावायला सांगा.