नहानी नदीत एवढं काय आहे?

प्रश्न : कॅनडाच्या नकाशावर पार उत्तरेला साउथ नहानी नावाची नदी दिसते. आसपास ना रस्ता, ना शहर. तरी ती जागतिक वारसा यादीत कशी? आणि मुद्दाम जाऊन बघण्यासारखी आहे का?

उत्तर :

नहानीच्या बाबतीत नदी आधीची आहे आणि डोंगर नंतरचे. तिचं बहुतेक वेगळेपण यातून आलंय, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पंढरपूरला भीमेला आपण चंद्रभागा म्हणतो, कारण तिथं ती चंद्रकोरीसारखी वळते. अशी वळणं घ्यायला नदीला सपाटी लागते. डोंगरातली नदी सहसा उतार धरून सरळ पळते. नहानी मात्र हजार मीटरहून खोल दरीत, दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे कडे असताना, चंद्रभागेसारखी आरामात वळत जाते. ही वळणं तिची जुनी, सपाटीवरची. मॅकेन्झी पर्वत हळूहळू वर उचलला गेला, पण नदीने वाट सोडली नाही. जमीन जेवढी वर आली तेवढी ती खाली कापत राहिली. सिंधू, सतलज, ब्रह्मपुत्रा या नद्या हिमालयाच्या आधीच्या, हे शाळेत आपण पाठ केलेलं असतं. मला ते खरं कळलं ते इथं.

मी कॅनडातच, एडमंटन शहरात राहतो. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये वाटाड्याबरोबर दोन आठवडे या नदीवर कनूने, म्हणजे वल्ह्याच्या निमुळत्या नावेने, गेलो होतो. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने आम्हाला रॅबिटकेटल तळ्यावर सोडलं. तिथल्या झऱ्यांचं पाणी फार गरम नाही, 21 अंशांच्या आसपास. पण त्यात चुना विरघळलेला असतो आणि तो थराथराने साचत गेल्याने 27 मीटर उंचीचा पायऱ्यापायऱ्यांचा ढीग तयार झालाय. हिमयुग सरल्यापासून, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षं, हे काम चालू आहे. पायऱ्यांच्या कडा इतक्या नाजूक की बुटाने तुटतात. म्हणून उद्यानाच्या माणसाशिवाय वर जाता येत नाही, आणि देवळात शिरताना चपला काढतो तसे बूट खाली काढून ठेवावे लागतात. तळपायाला तो चुना ओला, खरखरीत आणि किंचित कोमट लागत होता. तो स्पर्श मी विसरणार नाही.

पुढचे काही दिवस नदी संथ. पाणी गढूळ आहे, आणि वल्ही थांबवली की नावेच्या तळाला बारीक गाळ घासल्याची सळसळ ऐकू येते. तळणीत रवा हलवावा तशी. दरी कापायचं काम अजून संपलेलं नाही, हे त्या आवाजावरून समजतं.

मग येतो व्हर्जिनिया धबधबा. इथल्या मूळ रहिवासी डेने लोकांचं त्याचं नाव नाइलिचो. उंची 96 मीटर, नायगाराच्या जवळजवळ दुप्पट, आणि मधोमध एक सुळका पाण्याला दुभागतो. तिथं नाव आणि सामान खांद्यावर घेऊन किलोमीटरभर जंगलातून खाली उतरावं लागतं. रात्री तंबूत आडवं झालं की धबधबा आधी पाठीला जाणवतो, कानाला नंतर. त्याच्या तुषारांनी भिजणाऱ्या जमिनीवर ऑर्किडची रानफुलं उमलतात. धबधब्याखाली लगेच लागणारी दरी या धबधब्यानेच मागे मागे सरकत कोरलीय.

या दऱ्यांची नावं ऐकून आधी गोंधळ होतो. प्रवाहाबरोबर जाताना चौथी दरी पहिल्यांदा लागते, मग तिसरी, दुसरी आणि शेवटी पहिली. बाहेरून आलेले लोक नदीच्या मुखाकडून वर चढत होते, त्यांनी आकडे दिले. तिसऱ्या दरीत 'गेट' नावाची जागा आहे, तिथं नदी साडेचारशे मीटरच्या कड्यांमधून काटकोनात वळते. तिथं आम्ही वल्ही आत घेऊन नुसते बसून होतो.

शेवटच्या हिमयुगात पूर्वेचा आणि पश्चिमेचा बर्फ या पट्ट्यापर्यंत पोचला नाही. हिमनदी शिरली असती तर तिने या दऱ्या खरवडून रुंद केल्या असत्या. बर्फ न आल्यामुळे चुनखडीतल्या जुन्या गुहाही टिकल्या. एका गुहेत तर शंभरच्या वर रानमेंढ्यांचे सांगाडे सापडलेत. त्या आत शिरल्या आणि निसरड्या उतारावरून त्यांना परत फिरता आलं नाही.

इंटरनेटवर नहानी शोधलीत तर 1908 साली शिर नसलेल्या अवस्थेत सापडलेल्या दोन मॅक्लाउड भावांचीच गोष्ट आधी येईल. सोन्याच्या शोधात ते गेले होते. घटना खरी आहे, पण नदीची ओळख तेवढ्यावर उरकणं मला पटत नाही. डेने लोक त्याच्या कितीतरी आधीपासून इथं शिकार-मासेमारी करत आलेत, आणि नदीच्या तोंडाशी नहानी ब्यूट हे त्यांचं गाव आजही आहे.

वारशाचं म्हणाल तर 1978 मध्ये युनेस्कोच्या पहिल्या यादीत जी 12 ठिकाणं आली, त्यात नहानी होती. त्याआधी या धबधब्यावर वीज काढायचा विचार झाला होता. 1970 मध्ये पंतप्रधान पिअर ट्रुडो स्वतः नदीवर येऊन गेले आणि पुढे राष्ट्रीय उद्यान झालं. मात्र सुरुवातीला ते नदीकाठची चिंचोळी पट्टी होतं. चुनखडीत पाणी जमिनीखालून कुठून कुठे जातं, त्यामुळे नुसता काठ राखून नदी राखली जात नाही. 2009 मध्ये उद्यान सहापट वाढवून सुमारे 30,000 चौरस किलोमीटर केलं, म्हणजे महाराष्ट्राचा जवळपास दहावा हिस्सा. माझ्या मते सगळ्यांत शहाणा निर्णय तो.

जायचं असेल तर जून ते ऑगस्ट. फोर्ट सिम्पसन या गावापर्यंत रस्ता आहे, पुढे विमानच. कनूचा सराव नसेल तर धबधब्याखालून राफ्टने जाता येतं. तेही जमणार नसेल तर एका दिवसात विमानाने धबधबा बघून परत येता येतं. खिडकीजवळची जागा मात्र मागून घ्या. डोंगराच्या ऐन पोटात सपाटीवरच्या नदीची वळणं वरून एका नजरेत दिसतात.