अपधाव निम्माच येत असेल, तर आधी पाणी तपासावे

सिन्नरजवळच्या काळ्या जमिनीवर रेनफॉल सिम्युलेटरने (कृत्रिम पाऊस पाडणाऱ्या यंत्राने) ताशी 60 मिमी पाऊस पाडूनही अपधाव, म्हणजे न मुरता वाहून जाणारे पाणी, अपेक्षेच्या निम्माच येतो आणि पाणी बोअरचे आहे, हे आपले लिहिणे वाचले आणि माझा वाया गेलेला हंगाम डोळ्यांसमोर आला. नोझल, दाब आणि डबे मांडून पाहिलेली फवाऱ्याची समानता (पाऊस सगळीकडे सारखा पडतो का) आपण तपासलीच असेल, म्हणून त्यात शिरत नाही.

पावसाच्या पाण्यात क्षार अगदी नगण्य असतात. त्यामुळे थेंबांच्या माराने ढेकूळ फुटले की चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रे बुजतात, वर पापुद्रा धरतो आणि मुरणारे पाणी वाहू लागते. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियममुळे हेच कण एकमेकांना धरून राहतात, पाणी मुरत राहते आणि जमीन धूप सहन करणारी आहे असा खोटा निष्कर्ष निघतो.

मला हे उमगले ते दोन बाटल्यांमुळे. बोअरच्या पाण्याने केलेल्या चाचणीचा गढूळ अपधाव संध्याकाळपर्यंत निवळून तळाशी जाड थर बसला होता. जुलैतल्या खऱ्या पावसात त्याच वाफ्यातून भरलेली बाटली मात्र दुसऱ्या दिवशीही चहासारखी गढूळ होती.

त्याआधी मी पाण्याचा नमुना एका कार्यालयात दिला होता. कित्येक आठवड्यांनी ‘पिण्यायोग्य’ एवढाच शेरा मिळाला. पाण्यातल्या क्षारांचा अंदाज देणारा विद्युत वाहकतेचा आकडा मागितला, तर माणसाला चालते ते मातीला का चालणार नाही, असे विचारण्यात आले. त्या शेऱ्यावर विसंबून मी सगळ्या चाचण्या उरकल्या, ही माझी सर्वांत महागात पडलेली चूक. पुढे साध्या हातातल्या मीटरवर तो आकडा 1.4 डेसीसायमन प्रति मीटर निघाला. असा मीटर स्वतःचाच असावा, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून चाचणीसाठी पत्र्यावरचे पावसाचे पाणी, पहिल्या सरी सोडून, टाकीत साठवावे. एक चौरस मीटरवर एक मिमी म्हणजे एक लिटर, म्हणजे ताशी 60 मिमीने एक चौरस मीटरच्या वाफ्यावर अर्ध्या तासाला 30 लिटर पडतात. पण नोझलचे बरेच पाणी वाफ्याबाहेर जाते, तेव्हा साठा कितीतरी पट हवा.

माझा अनुभव काळ्या, चिकण जमिनीपुरता आहे. इगतपुरीकडच्या तांबड्या मातीला तो तसाच लावू नये. शिवाय कोरड्या जमिनीतल्या भेगाही पाणी गिळतात, म्हणून चाचणीपूर्वीचा ओलावा प्रत्येक वेळी नोंदवावा, आणि उन्हाळ्यात दुपारचा वारा फवारा उडवून नेतो, म्हणून काम सकाळीच उरकावे. बोअरच्या पाण्याने आजवर घेतलेल्या नोंदी फेकू नयेत. त्याच वाफ्यावर पावसाच्या पाण्याने चाचणी करून दोन्ही आकडे शेजारी मांडावेत.