पण ते असो

ताई,
मी ३३ वर्षांचा आहे. नोकरी सांभाळून गेली दोन वर्षं नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या एका व्हेंचर कॅपिटल फर्मसाठी स्काउट म्हणून काम करतो. नवे स्टार्टअप हुडकायचे, फाउंडरशी बोलायचं, दम वाटला तर फर्मशी गाठ घालून द्यायची. आतापर्यंत ४१ कंपन्या सुचवल्या, त्यातल्या दोन कंपन्यांत त्यांनी पैसे घातले. 'तुला कॅरी देऊ,' म्हणजे नफ्यातला वाटा, असं पार्टनर तोंडी म्हणाले होते, कागद अजून नाही. हल्ली माझ्या ईमेलला उत्तरही आठ-आठ दिवसांनी येतं. एका जुन्या मैत्रिणीनं तिच्या कंपनीचा डेक, म्हणजे गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड, सहज नजर टाकायला दिला होता, तोही मी पाठवला, पण तशाच एका कंपनीत त्यांचा आधीच पैसा असल्यामुळे जमलं नाही. ती हल्ली फोन उचलत नाही, पण ते असो. मी कागदासाठी मागे लागू, थांबू, की सोडून देऊ? तिथं माझी काही किंमतच नाही असं वाटतं.
— दाराबाहेरचा

तू ताई म्हणालास, म्हणून मीही अरे-तुरे करते. आज मला रागवायचं आहे, आणि अहो-जाहो करून नीट रागावता येत नाही.

कागदाचं आधी उरकून टाकू. कॅरी म्हणजे पगार नव्हे. फंडाचं आयुष्य साधारण १० वर्षांचं असतं. ज्यांनी फंडात पैसे घातले त्यांचं मुद्दल आधी परत जातं, मग नफ्यातला साधारण २० टक्के वाटा फर्मकडे येतो आणि त्या वाट्यातला एक तुकडा स्काउटला. तोसुद्धा तू आणलेली कंपनी चांगल्या भावात विकली गेली किंवा शेअर बाजारात आली तर. बहुतेक कंपन्यांच्या नशिबी ते नसतं. म्हणजे कागद झाला असता तरी दोन वर्षांत तुझ्या हातात दमडी पडली नसती. आणि कागदच नाही, तेव्हा सगळी बोलाचीच कढी. एक ईमेल लिही. कोणत्या दोन कंपन्या, किती टक्के, सही कधी, एवढंच विचार. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर समजून जा आणि फुकटची हमाली थांबव.

झालं ते. आता तुझ्या 'ते असो'कडे येते, कारण अख्ख्या पत्रात मला तेवढंच दिसलं.

मैत्रिणीनं डेक 'सहज नजर टाकायला' दिला. हे शब्द तुझे आहेत. फर्मला दाखव असं ती म्हणाली नव्हती. म्हटली असती तर तू ते आवर्जून लिहिलं असतंस, कारण बाकी सगळ्यात तू स्वतःची बाजू फार काळजीपूर्वक मांडली आहेस. तू स्काउट आहेस, तिची कंपनी लागली तर त्यात तुझाही वाटा आहे, हे तिला माहीत होतं का? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही. आणि ४१चा आकडा तू मोजून दिलास. त्यात तिचा नंबर कितवा रे?

२००९मध्ये सेक्वोया कॅपिटल या अमेरिकेतल्या बड्या फर्मनं बाहेरच्या लोकांच्या हाती स्वतःचे पैसे देऊन स्काउट नेमायला सुरुवात केली. त्याच वाटेनं जेसन कॅलाकॅनिस नावाचा उद्योजक उबरमध्ये अगदी सुरुवातीला शिरला. असल्या गोष्टी ऐकूनच तू यात पडला असशील, पडतात सगळे. पण त्या स्काउटांच्या हातात चेक होता. समोरच्याची कंपनी आवडली तर ते पैसे घालायचे, त्याच्या बाजूनं उभे राहायचे. तुझ्या हातात फॉरवर्डचं बटण होतं, आणि ते तू दाबलंस.

लिहायला लागण्याआधी काही वर्षं मी अशाच एका फर्ममध्ये नोकरी केली आहे, त्यामुळे पाठवलेल्या डेकचं पुढे काय होतं ते मी जवळून पाहिलंय. आधी एखादा पोरसवदा अ‍ॅनालिस्ट तो उघडतो, कंपनीचं नाव नोंदीत चढवतो. सोमवारी पार्टनरांची बैठक असते, तिथं तो पडद्यावर येतो. ग्राहकांची नावं, दर, पुढच्या दीड वर्षाचा बेत, बँकेतले पैसे किती महिने पुरतील, सगळं मोठ्या अक्षरात. मग कोणीतरी म्हणतं, "आपल्याकडे याच लाइनमधली एक कंपनी आहे ना? त्यांच्या फाउंडरला विचारा, यांच्याबद्दल काय वाटतं." विचारणाऱ्याच्या मनात पाप नसतं. चहा पिता पिता विचारलं जातं. पण तिच्या स्पर्धकाला तेवढ्यात कळायचं ते कळून जातं. अशा फर्म पहिल्या भेटीत गुप्ततेच्या करारावर सही करत नाहीत, आणि इथं तर भेटच झाली नव्हती. नोंदीत मात्र तिच्या कंपनीपुढे 'पास', म्हणजे 'नको', असा शेरा लागला. तिनं काही मागितलंच नव्हतं, तरी तिला नकार मिळाला.

तुझ्या फर्ममध्ये हे असंच घडलं असेल असं मी म्हणत नाही. पण घडलं नाही, हे तुलाही सांगता येणार नाही.

आणि तू मला विचारतोस, तुझी किंमत किती. वेड्या, स्काउट म्हणून माणूस घेतात तो त्याची पारख असामान्य असते म्हणून नव्हे. तशी पारख आहे असं समजणारे त्यांच्याकडे आधीच ढीगभर बसलेत. तुला घेतलं कारण लोक तुझ्याशी मोकळं बोलतात, गुंतवणूकदारापासून लपवलेली स्लाइड तुझ्यासमोर उघडतात. मैत्रिणीनं उघडली, तशी. फर्मची वाट बघत दाराबाहेर उभा आहेस म्हणतोस, पण या दोन वर्षांत ज्या माणसानं तुला खरोखर आत घेतलं होतं ती हीच एक.

तेव्हा तिला लिही. कागदाचा ईमेल उद्या गेला तरी चालेल, हे आज.

काय लिहायचं ते सांगते, नाहीतर तू दोन पानं भरून स्वतःबद्दलच लिहिशील. डेक कोणत्या तारखेला पाठवलास, कोणाला पाठवलास, कोणती फाइल, त्यात आकड्यांची पानं होती की नव्हती. त्या फर्मचा पैसा कोणत्या कंपनीत आहे, तिचं नाव. त्यांनी काय कारण देऊन नाही म्हटलं. आणि तिची कंपनी लागली असती तर तुला कॅरी मिळणार होती, हेही. 'तुझ्या भल्यासाठीच' हे शब्द घालू नकोस. 'गैरसमज' हाही नको, तिचा काही गैरसमज झालेला नाही. माफी एका ओळीत माग, आणि तिनं ती द्यावी अशी गळ घालू नकोस.

हे सगळं तुझं मन हलकं व्हावं म्हणून नाही सांगत. ही माहिती तिच्या कामाची आहे. आपले दर कोणी पाहिले असतील हे कळलं तर ते बदलायचे की ठेवायचे, हे तिला ठरवता येईल. पुढच्या राउंडला त्याच फर्मकडे जायची वेळ आली तर आपलं नाव तिथं आधीच चढलंय हे माहीत असेल. तू गप्प बसशील तितका तिचा अंधार वाढेल. फर्मलाही डेक काढून टाकायला सांग, पण त्यांनी तो काढला असं तिला छातीठोक सांगू नकोस. ते तुझ्या हातात नाही.

ती फोन उचलत नाही म्हणतोस. मग ईमेल कर. डेक पाठवताना चाललाच होता ना.