'कुटुंबनियोजन', 'परिवार नियोजन', 'संततिनियमन': एकाच गोष्टीची नावं की वेगवेगळ्या?

शंका नागपूरच्या एका विद्यार्थिनीची आहे. बी.ए. प्रथम वर्षाच्या समाजशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत तिने 'परिवार नियोजन' लिहिलं. तपासणाऱ्यांनी ते खोडून 'कुटुंबनियोजन' केलं. जुन्या पुस्तकात तिला 'संततिनियमन' दिसतं आणि दवाखान्याच्या फलकावर 'कुटुंबकल्याण'. हे सगळे शब्द एकच का, आणि 'परिवार' लिहिलं तर नेमकं काय चुकलं, असं तिने विचारलं आहे.

आधी 'परिवार'बद्दल. 'परिवार नियोजन' हा हिंदीतला रूढ शब्द. त्याचा अर्थ चुकलेला नाही, फक्त मराठी उत्तरात तो परका दिसतो. नागपूरकराच्या तोंडी तो सहज येतो, यात नवल काहीच नाही. देशाचा कुटुंबनियोजन कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला तेव्हा नागपूर मध्य प्रदेशात होतं, त्या राज्याची राजधानी होतं, आणि सरकारी कारभारात हिंदी-मराठी दोन्ही चालत. १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात आला तरी बाजारातली आणि भिंतींवरची हिंदी गेली नाही. शब्द खोडणं ठीक, पण त्याखाली दोन ओळींचं कारण लिहिलं असतं तर विद्यार्थिनीच्या ते जास्त उपयोगी पडलं असतं.

मराठीत 'परिवार'ला स्वतःचा वेगळा अर्थ आहे: मुख्य व्यक्तीभोवतीचा गोतावळा, लवाजमा. देवळात मुख्य देवाभोवती असतात त्या परिवारदेवता. लग्नपत्रिकेतलं 'सहकुटुंब सहपरिवार' बघा. एकाच ओळीत दोन शब्द आलेत ते उगाच नाही. कुटुंब म्हणजे बायको नि घरची माणसं, परिवार म्हणजे त्याभोवतीचे आप्तेष्ट, आश्रित, सोबतचे. जुन्या बोलण्यात तर 'आमचं कुटुंब' म्हणजे सरळ 'माझी बायको'. जुनी पत्रं, कादंबऱ्या वाचताना हे लक्षात ठेवा. 'कुटुंब माहेरी गेलं आहे' या वाक्यात घर रिकामं झालेलं नसतं. आज हा अर्थ मागे पडला आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, तेव्हा त्यातलं कुटुंब म्हणजे सगळं घर, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

विदर्भाच्या वाचकाला आवडेल अशी एक गोष्ट जाता जाता. संस्कृतात 'कुटुंबिन्' म्हणजे घरदार करून राहिलेला गृहस्थ, शेतकरी. 'कुणबी' हा शब्द त्यावरूनच आला, असं बहुतेक व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे 'कुटुंब' शब्दात नात्यांइतकीच जमीन नि चूलही पहिल्यापासून आहे.

ही चूल समाजशास्त्रात फार कामाची. जनगणनेच्या प्रपत्रात मराठीत 'कुटुंब' छापलेलं असतं, पण तिथे त्याचा अर्थ एकत्र राहून एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं, एवढाच. नातं असो वा नसो. नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात दोन भाऊ राहतात आणि दोघांच्या चुली वेगळ्या, तर जनगणनेला ती दोन कुटुंबं. थोरल्याचा मुलगा पुण्यात नोकरीला असेल तर तो या घराच्या मोजणीत नाही. पण त्याच घरात शेत सामाईक, कुलदैवत एक, लग्नाचा खर्च एकत्र, म्हणजे नात्याच्या अर्थाने ते एकच कुटुंब. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची खूण सांगताना एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक कुळधर्म आणि नातं, अशा सगळ्या गोष्टी एकत्र घेतल्या त्या यासाठीच. यातलं एखादं सुटलं की एकत्रपण लगेच संपत नाही, कमी होतं. म्हणून उत्तरात 'कुटुंब' लिहिताना राहतं घर अभिप्रेत आहे की नातेगट, हे एकदा सांगावं. मी राहत्या घरासाठी 'गृहसमूह' वगैरे शब्द घडवण्यापेक्षा 'एका चुलीवरचं कुटुंब' असं लिहीन. ते कुणालाही कळतं.

याच ओघात 'विभक्त कुटुंब'. आईवडील आणि अविवाहित मुलं एवढ्या घराला आपण सर्रास हा शब्द वापरतो. पण 'विभक्त' म्हणजे वाटणी होऊन वेगळं झालेलं. आधी एकत्र होतं आणि मग फुटलं, असा इतिहास त्यात गृहीत धरलेला आहे. वडील लहानपणीच वारले, भाऊ नव्हताच, अशा माणसाचं घर विभक्त कसं? पाठ्यपुस्तकांतला 'केंद्रकुटुंब' हा शब्द रूक्ष वाटला तरी इथे तोच बरोबर.

आता नियोजनाकडे. सगळ्यांत जुना यातला 'संततिनियमन'. समाजसुधारक र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ला मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. (इरावतीबाई त्यांच्या धाकट्या भावाच्या पत्नी. आज आपण वापरतो त्यातल्या बऱ्याच परिभाषेला या एका घराने आकार दिला.) र. धों. कर्वे यांच्या या शब्दात 'कुटुंब' नाही, हे नीट पाहा. संतती किती आणि कधी, याचं नियमन. ते करणारी मुख्यतः स्त्री, आणि त्यामागचा विचार तिच्या शरीराचा, आरोग्याचा, सुखाचा. राष्ट्राची लोकसंख्या हा त्या शब्दाचा गाभा नव्हता.

'नियोजन' आलं ते पंचवार्षिक योजनांबरोबर. नियोजन आयोग १९५०चा, पहिली योजना १९५१ची, कार्यक्रम १९५२चा. धरणं, पोलाद, धान्य यांच्या आखणीत घरातल्या मुलांची संख्याही आली. निर्णय नवरा-बायकोचा, पण आखणी सरकारची, असा दुहेरी सूर या शब्दात तेव्हापासून आहे. आणीबाणीत तो दुसऱ्या बाजूला पूर्ण झुकला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८२ लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांत पुरुष बहुसंख्य होते आणि सक्ती उघड होती. नंतर १९७७ मध्ये नवं सरकार आल्यावर कुटुंबनियोजन खात्याच्या नावातलं 'नियोजन' काढून 'कुटुंबकल्याण' घातलं गेलं. दवाखान्याच्या फलकावरचा शब्द तिथून आलेला आहे. त्यात माता-बाल आरोग्य, लसीकरणही येतं, म्हणून तो जास्त व्यापक. 'कुटुंबकल्याण म्हणजेच कुटुंबनियोजन' असं लिहू नका. नियोजन हा कल्याणाचा एक भाग.

'लोकसंख्या नियंत्रण' तर आणखी वेगळं. ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात त्या विषयांच्या यादीत) 'लोकसंख्या नियंत्रण आणि कुटुंबनियोजन' अशी नोंद घातली. मधला 'आणि' महत्त्वाचा. पहिल्याचा विषय देश, दुसऱ्याचा जोडपं. किंग्जली डेव्हिस या समाजशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये याच गोंधळावर बोट ठेवलं होतं: कुटुंबनियोजन लोकांना हवी तेवढीच मुलं होऊ देतं, पण त्यांना चार हवी असतील तर चारच होतील. मुलं किती हवीत हे ठरतं लग्नाच्या वयावर, मुलींच्या शिक्षणावर, बालमृत्यूंवर, म्हातारपणीच्या आधारावर. परीक्षेत 'कुटुंबनियोजनाची समाजशास्त्रीय बाजू' विचारली तर उत्तराचा कणा हाच.

बोलीत मात्र या सगळ्या शब्दांना बाजूला सारून एकच शब्द उरला आहे: आपरेशन, म्हणजे नसबंदीची शस्त्रक्रिया. 'तिचं आपरेशन झालं' म्हटलं की नागपुरात काय किंवा सावनेर-काटोलकडच्या खेड्यात काय, संदर्भ घरगुती असेल तर पुढे विचारावं लागत नाही. 'कुटुंबनियोजन केलं'चाही तोच अर्थ झाला आहे. याचं कारण कार्यक्रमातच आहे. आणीबाणीनंतर वर्षानुवर्षं उद्दिष्टं आणि शिबिरं शस्त्रक्रियेची, तीही मुख्यतः बायकांच्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेल्या ०.३ टक्के.

याचा फटका प्रश्नावलीला बसतो. प्रकल्पासाठी वस्तीत जाऊन 'तुम्ही कुटुंबनियोजन करता का?' असं विचारलंत, तर तांबी (गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन) बसवलेली बाई 'नाही' म्हणेल, कारण तिचं आपरेशन झालेलं नाही. गोळ्या घेणारीही 'नाही' म्हणेल. मग तुमचा आकडा पडतो आणि तुम्ही निष्कर्ष काढता की वस्तीत जागृती नाही. म्हणून साधनांची नावं एकेक घेऊन विचारायचं: तांबी? 'माला-डी' किंवा 'छाया' या गर्भनिरोधक गोळ्या? 'अंतरा' नावाचं इंजेक्शन? निरोध? आपरेशन, तुमचं की यांचं? मोठ्या सर्वेक्षणांतही साधनागणिकच विचारतात. बाईला बाईनेच विचारावं, आणि सासू शेजारी बसलेली असताना विचारू नये.

या बाबतीत आपल्या भाषेकडे एक उत्तम जोडी आहे: पाळणा लांबवणे आणि पाळणा थांबवणे. पहिल्यात तांबी, गोळ्या, इंजेक्शन, निरोध. दोन बाळंतपणांत ३ वर्षांचं अंतर राहावं हा हेतू. दुसऱ्यात शस्त्रक्रिया. तांबीच्या बाबतीत इथे गल्लत होते: १० वर्षं चालणारी तांबी असली तरी ती लांबवण्यातच मोडते, कारण काढली की मूल होऊ शकतं. आरोग्यसेविका हे शब्द रोज वापरतात. उत्तरपत्रिकेतही बेलाशक वापरा.

'नसबंदी' शब्दाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. नस म्हणजे लोकांच्या मनात रक्ताची शीर नाहीतर ताकदीची दोरी. प्रत्यक्षात पुरुषाची शुक्रवाहिनी बंद करतात आणि स्त्रीची गर्भनलिका; रक्तवाहिनीला कुणी हात लावत नाही. 'नस कापली की कमजोरी येते' या भीतीला या शब्दाने खतपाणी घातलं, असं मला ठामपणे वाटतं. त्यात बैल खच्ची करण्याची प्रतिमा मिसळली की पुरुष पुढे येईनासे होतात. खच्ची करण्यात वृषण निकामी होतात. नसबंदीत ते जसेच्या तसे राहतात, संप्रेरकं तशीच तयार होतात. 'बंदी'मुळे दुसरा गैरसमज असा की त्याच दिवशी सगळं बंद झालं. तसं नाही. पुरुषाच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे ३ महिने दुसरं साधन वापरावं लागतं, आणि वीर्यतपासणीत शुक्रजंतू नाहीत असं दिसल्यावरच ती यशस्वी धरतात. हे न सांगितल्याने दिवस जातात आणि संशय बायकोवर येतो.

वृत्तपत्रांतून उत्तरपत्रिकेत शिरणारी एक चूक इथेच सांगतो. 'जन्मदर २.० वर आला' असं वाक्य बरोबर नाही. जन्मदर म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षभरातले जन्म. स्त्रीमागे मुलं किती, तो 'एकूण प्रजनन दर'. वरच्याच सर्वेक्षणात तो देशात २.० आणि महाराष्ट्रात १.७ होता, पिढीची जागा भरून निघायला सुमारे २.१ लागतो. आणि 'प्रजननक्षमता घटली' तर लिहूच नका. क्षमता म्हणजे मूल होण्याची शारीरिक शक्यता. मुलं कमी होऊ देणं वेगळं आणि मुलं न होणं वेगळं.

शेवटी लेखन. 'संतती' सुटा लिहिताना ती दीर्घ, समासात ऱ्हस्व: संततिनियमन, जसं कवी पण कविराज. 'कुटुंबनियोजन' हा समास, म्हणून जोडून. 'कुटुंबिय' नाही, 'कुटुंबीय'; विशेषण 'कौटुंबिक'.