वाचकांचे प्रश्न : पेशींची नावे आणि प्रमाणित संज्ञा

प्रश्न : नागपुरातील एका प्रयोगशाळेत आम्ही सिकलसेल रुग्णांच्या रक्तातील एकेका पेशीचा आरएनए वाचतो. संगणकाने केलेल्या सारख्या पेशींच्या गटांना सहकाऱ्यांनी ‘एनके/टी’, ‘मोनो-२’, ‘सिकल आरबीसी’ अशी नावे दिली आहेत. ही माहिती सार्वजनिक संग्रहात देताना प्रत्येक नावापुढे सेल ऑन्टॉलॉजीतील, म्हणजे पेशीप्रकारांच्या पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेल्या प्रमाणित सूचीतील, संज्ञा लिहावी लागते. संगणकीय शोधात सर्वांत वर येणारी संज्ञा घेतली तर चालेल का?
— एक संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : संज्ञेची व्याख्या वाचल्याशिवाय ती घेऊ नये. शोधयंत्र बहुतेक वेळा अक्षरांचे साम्य पाहते आणि पेशींच्या बाबतीत ते साम्य फसवे असते. ‘एनके’ (नॅचरल किलर) आणि ‘एनकेटी’ (नॅचरल किलर टी) या रोगप्रतिकारक पेशींच्या नावांत एकाच अक्षराचा फरक असला, तरी एनकेटी ही टी-पेशींच्या शाखेतील असून तिच्यावर टी-पेशींचा ग्राही (परका घटक ओळखणारे प्रथिन) असतो, तर एनके पेशीवर तो नसतो. आपल्या ‘एनके/टी’ या नावातील तिरकी रेघ मात्र वेगळेच सांगते : तो गट दोन पेशीप्रकारांची सरमिसळ असावा. गट आणखी विभागून पाहावा. विभागला न गेल्यास दोहोंची सामाईक पूर्वज संज्ञा, म्हणजे लिम्फोसाइट (एक प्रकारची पांढरी रक्तपेशी; सेल ऑन्टॉलॉजीतील क्रमांक सीएल:००००५४२), द्यावी. अशी वरच्या पायरीची संज्ञा देणे अनेकांना कमीपणाचे वाटते. परंतु ढोबळ आणि बरोबर संज्ञा ही नेमकी आणि चुकीची संज्ञा देण्यापेक्षा केव्हाही बरी, कारण पुढचा संशोधक आपल्या नोंदीवर विसंबूनच तुलना करणार असतो.

‘मोनो-२’ मधील मोनो म्हणजे मोनोसाइट ही पांढरी रक्तपेशी, तर २ हा केवळ संगणकाने दिलेला गटक्रमांक आहे. गटात एफसीजीआर३ए हे जनुक ठळक आणि सीडी१४ क्षीण दिसत असेल, तर नॉन-क्लासिकल मोनोसाइट (सीएल:००००८७५) ही संज्ञा योग्य ठरेल. तसा पुरावा नसल्यास साधी मोनोसाइट (सीएल:००००५७६) पुरेशी आहे.

‘सिकल आरबीसी’ (सिकलसेल आजारातील तांबडी पेशी) हा प्रश्न विदर्भातील प्रयोगशाळांना वारंवार पडत असणार. हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन प्रथिन घडवणाऱ्या एचबीबी जनुकातील बदलामुळे पेशीचा आकार विळ्यासारखा झाला, तरी तिचा प्रकार बदलत नाही. म्हणून संज्ञा एरिथ्रोसाइट (तांबडी पेशी, सीएल:००००२३२) हीच द्यावी आणि आजाराची नोंद मोंडोसारख्या रोगविषयक ऑन्टॉलॉजीतून स्वतंत्र रकान्यात करावी. येथे एक सावधगिरी हवी. परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसते आणि आरएनए जवळपास उरत नाही. त्यामुळे आपल्याला दिसणारा गट बहुधा रेटिक्युलोसाइटांचा, म्हणजे अजून पूर्ण परिपक्व न झालेल्या तांबड्या पेशींचा, असेल; तसे असल्यास एरिथ्रोसाइटऐवजी तीच संज्ञा द्यावी. शिवाय फुटलेल्या तांबड्या पेशींतून सांडलेला ग्लोबिनचा आरएनए इतर पेशींच्या नोंदींतही मिसळतो, तेव्हा केवळ एचबीबी दिसले म्हणून कोणत्याही गटाला तांबड्या पेशी ठरवू नये.

सहकाऱ्यांनी दिलेली मूळ नावे पुसू नयेत. ती शेजारच्या रकान्यात जशीच्या तशी ठेवावीत.

प्रश्न : सेल ऑन्टॉलॉजी बदलत राहते. मग आज केलेली जुळणी वर्षभराने निरुपयोगी ठरेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. नाव बदलले तरी संज्ञेचा क्रमांक कायम राहतो आणि बाद केलेल्या संज्ञेचा क्रमांक दुसऱ्या संज्ञेला दिला जात नाही. अनेकदा तिच्या जागी कोणती संज्ञा वापरावी हेही नोंदवलेले असते. म्हणून नावासोबत क्रमांक आणि वापरलेल्या आवृत्तीची तारीख अवश्य लिहावी.