लेकीची गाणी ‘गोंगाट’ का वाटतात?

पत्र: ‘वय ५६, रत्नागिरी जिल्हा. घरी नाट्यसंगीत आणि ख्यालाच्या दोनशे कॅसेटी आहेत. मुलगी १९ वर्षांची, पुण्यात शिकते. ती रोज एखादं गाणं पाठवायची. मे महिन्यात गाडीत तिनं लावलेल्या गाण्याला मी “हा काय गोंगाट, बंद कर” म्हणालो. तेव्हापासून गाडीत ती इअरफोन घालून बसते आणि गाणी पाठवणं बंद झालंय. तिला हिपहॉप, मेटल, इलेक्ट्रॉनिक आणि कुठलंसं स्पॅनिश आवडतं. एका संध्याकाळी मी फोनवर प्रयत्न केला, तिसऱ्या गाण्यालाच डोकं उठलं. तिच्याशी बोलता येईल असे नवे अल्बम सुचवा. सोपे नकोत, तिच्या आवडीतलेच हवेत.’ – एक बाबा

नमस्कार बाबा,

ऐकायला बसण्याआधी तिला एक ओळ पाठवा: ‘गोंगाट म्हणालो ते चुकलं.’ पुढे ‘पण’ लावू नका.

आता तुमच्या डोकेदुखीकडे येऊ. त्यातला निम्मा दोष फोनच्या स्पीकरचा आहे. हिपहॉप आणि इलेक्ट्रॉनिकचा पाया साधारण ४० ते १०० हर्ट्झच्या खर्जात असतो आणि फोनचा नखाएवढा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही. डग्गा काढून घेतलेला तबला ऐकावा तसं होतं, उरते ती नुसती चाट. तारेचे साधे इअरफोन घ्या, पण रबर कानात घट्ट बसायला हवं. फट राहिली की बेस निसटतो. गाडीतली सिस्टीम त्याहून बरी. तिथे एकदा ट्रेबल तपासा. जुन्या ध्वनिमुद्रणात आवाज दबलेला वाटतो म्हणून कॅसेटवाली मंडळी ट्रेबल चढवून ठेवतात. त्याच सेटिंगवर मेटल लावलं की झांजा थेट कानात घुसतात. बेस, ट्रेबल दोन्ही मध्यावर आणा, आवाज निम्म्यावर.

अ‍ॅपमध्ये तीन गोष्टी करा. शफल (गाण्यांचा क्रम उलटसुलट करणं) बंद, क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळणं) शून्यावर, ऑटोप्ले बंद. ऑटोप्ले चालू राहिला तर अल्बम संपल्यावर अ‍ॅप आपल्या मनानं पुढची गाणी लावत राहतं आणि तुम्हाला वाटतं अजून तोच अल्बम चाललाय. शोधताना गाण्याचं नाव टाकू नका, कारण वेग वाढवलेल्या आणि संथ करून घुमवलेल्या नकला आधी हाती लागतात. कलाकाराच्या पानावर जाऊन ‘अल्बम’ उघडा आणि वर्ष व गाण्यांची संख्या जुळते का ते बघा.

आठवड्याला एकच अल्बम. पहिल्यांदा सलग ऐका. तीन-चार दिवसांनी शब्द समोर ठेवून पुन्हा. पहिल्या ऐकण्यावर मत द्यायचं नाही, बैठकीत आलाप चालू असताना आपण देत नाही तसं.

सुरुवात मेटलनं करा. तुम्हाला उलटं वाटेल, पण ढोल तुम्हाला कळतो. दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडचा ‘नू देल्ही’ २०२५ च्या मे महिन्यात आला. आठच गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास. गिटारच्या भिंतीखाली ढोल आणि बासरी आहेत. पहिल्या वेळी घोगरा आवाज सोडून द्या आणि फक्त ढोल धरून ठेवा, म्हणजे लय सुटत नाही. ‘तडका’ हे गाणं खाण्यावर आहे, ते आधी ऐकलंत तर हसूच येईल. मेटलमध्ये ओरडणं हे रागावणं नसतं, ती आवाज लावण्याची एक पद्धत असते, हे एवढं ध्यानात ठेवा.

मग स्पॅनिश. बहुधा बॅड बनी असणार. जानेवारी २०२५ मधला त्याचा ‘देबी तिरार मास फोतोस’ म्हणजे ‘मी जास्त फोटो काढायला हवे होते’. १७ गाणी, तासाभराहून थोडा जास्त. पोर्तो रिकोचा हा गायक आधुनिक ठेक्यांबरोबर आपल्या बेटावरचं प्लेना आणि साल्सा घेऊन आला. प्लेनामध्ये पांदेरो नावाची हातानं वाजवायची वाद्यं असतात, आपल्या डफाच्या जवळची. म्हणून ‘काफे कोन रोन’पासून सुरू करा. मग ‘लो के ले पासो आ हवाई’ भाषांतर वाचत ऐका. हवाईचं जे झालं ते आमच्या बेटाचं होऊ नये, बाहेरच्यांना नदी हवी, किनारा हवा, असं ते गाणं आहे. कोकणात राहून जमिनींचे व्यवहार बघणाऱ्याला ते समजावून सांगावं लागणार नाही.

हिपहॉपसाठी अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’, नोव्हेंबर २०२४, १२ गाणी, ४४ मिनिटं. शिव्या आहेत, भरपूर. आधीच सांगितलेलं बरं. इथे सूर शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. शब्द ठेक्याच्या आधी पडतो की नंतर, श्वास कुठे घेतला, ते बघा. लयकारी ऐकणाऱ्या कानाला हे लवकर सापडतं. ‘रीइनकार्नेटेड’वर वेळ खर्च करा. त्यात तो पूर्वजन्म सांगतो, एकदा गिटारवादक, एकदा गायिका, आणि शेवटच्या भागात बापाशी बोलतो. तो बाप की देव, हे मुद्दाम धूसर ठेवलंय. लेकीला विचारण्यासारखा प्रश्न इथे आयता मिळतो.

इलेक्ट्रॉनिकमध्ये धडधड नको असेल तर हार्प वाजवणाऱ्या संगीतकार नाला सिनेफ्रोचा ‘एंडलेसनेस’ (२०२४). सिंथेसायझर, हार्प, जॅझचे वादक. दहा तुकडे, सगळ्यांचं नाव ‘कंटिन्यूअम’, पुढे फक्त आकडा. सुट्या स्वरांची एक फिरती माळ अल्बमभर चालू राहते, तिला तानपुरा समजा. हा इअरफोनवर, रात्री आणि सलग ऐका. तुकडे एकमेकांत मिसळतात, त्यामुळे शफल राहिलं तर सगळा खेळ खलास.

लेकीच्या यादीबाहेरचा एक अल्बम तुमच्याकडून तिला जाऊ द्या: पाकिस्तानी-अमेरिकन गायिका अरूज आफताबचा ‘नाइट रेन’ (Night Reign), मे २०२४, नऊ गाणी. जॅझची वाद्यं, उर्दू आणि इंग्रजी शब्द, अतिशय धिमी लय. ‘ना गुल’ आणि ‘साकी’ या दोन गाण्यांत माह लका बाई चंदाचे शब्द आहेत. ही अठराव्या शतकातली हैदराबादची कवयित्री, जन्म मात्र औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा. हे तिला बहुतेक ठाऊक नसेल.

शक्ती या फ्यूजन बँडचा ‘धिस मोमेंट’ (२०२३) कुणीही तुम्हाला सुचवेल. झाकीर हुसेन, शंकर महादेवन, जॉन मॅकलॉफ्लिन. २०२४ मध्ये ग्रॅमीही मिळालं. त्यातलं ‘मोहनम’ जरूर ऐका, कर्नाटक संगीतातला मोहनम राग म्हणजे आपला भूप. पण तो तुमच्या घरचाच अल्बम आहे. एखादा आठवडा अगदी असह्य झाला तर विसाव्याला ठेवा. रॉक हवंच असेल तर द क्युअर या इंग्लिश बँडचा ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’ (२०२४): १६ वर्षांनी आलेला, आठ गाण्यांचा. पहिल्या गाण्यात शब्द यायला तीन मिनिटांच्या वर लागतात, विलंबितवाल्याला त्याची तक्रार नसावी.

बोलताना ‘छान आहे’ आणि अंगठा पाठवू नका, त्याला उत्तर येत नाही. नेमकी जागा आणि मिनिट लिहा: ‘इथे ढोल थांबतो तेव्हा बासरी एकटी का राहते?’ आवडलं नाही तर तेही सांगा, फक्त काय खटकलं ते सांगा. कुमारांशी किंवा किशोरीताईंशी तुलना वर्षभर तरी काढू नका. ती चिडवेलही, ‘बाबा रॅप ऐकतायत’ म्हणून मैत्रिणींना दाखवेल. दाखवू दे.

बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ (२०२४) मुद्दाम मागे ठेवलाय. २७ तुकडे, ७८ मिनिटं. एकट्यानं बसून ऐकायला मला तो लांबलेला वाटतो, पण पुण्याहून घरी येताना घाटाआधीच्या सरळ रस्त्यासाठी झकास. तेव्हा फोन तिच्या हातात द्या. ट्रेबल तेवढा आधीच मध्यावर आणून ठेवा.