मी माझ्या मुलीची ‘रानी’ करतेय का?

बढतीबरोबर बदली आली की आयांच्या मनात पहिली भीती मुलाची असते. ‘मी दुसऱ्या गावी गेले, तर मूल तुटेल का माझ्यापासून?’ हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. या वेळी तो एका सिनेमाच्या वाटेने आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ती बँकेत अधिकारी. पाच वर्षांची मुलगी. घरात ठरलं होतं की ती एकटी बदलीच्या गावी राहील आणि शनिवार-रविवार जमेल तसं घरी येईल. मुलगी बाबांजवळ, सोबतीला आजी, म्हणजे या अधिकारी बाईची आई. अशातच एका संध्याकाळी आईने ‘उंबरठा’ लावला. जब्बार पटेलांचा हा १९८२ सालचा चित्रपट आईने कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर पाहिला होता, आणि स्मिता पाटीलची सुलभा तेव्हापासून तिच्या मनात घर करून होती. सासरचा विरोध पत्करून सुलभा महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून परगावी जाते आणि तिची छोटी मुलगी रानी जाऊबाईंच्या हवाली होते. या खेपेला सिनेमा संपल्यावर आई डोळे पुसत म्हणाली, “त्या पोरीचं पुढे काय झालं असेल गं?”

लेकीला तो थेट आपल्यावरचा निकाल वाटला. दोघींचं बोलणंच थांबलं. माझ्यासमोर बसून ती म्हणाली, “मॅडम, मी माझ्या मुलीची रानी करतेय का? बदली नाकारू का?”

मी तिला पुढच्या वेळी आईला घेऊन यायला सांगितलं. आई आल्या, बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या आणि मग बोलल्या. विशीत त्यांनी तो सिनेमा सुलभा होऊन पाहिला होता. आता त्यांना स्वतःच्या जागी जाऊबाई दिसत होत्या. “नात माझ्याच कुशीत झोपायला लागली, ही आल्यावर हिच्याकडे गेलीच नाही, तर ही माझ्याकडे कोणत्या नजरेनं बघेल? माझ्या लेकीचं मूल मीच तोडलं असं होईल हो.” लेक थक्क होऊन ऐकत होती. आई नात सांभाळायला आनंदाने तयार आहे, एवढंच सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिला कशाची भीती वाटते, हे कुणी विचारलंच नव्हतं.

जुना सिनेमा आज पाहताना मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. रानीची जबाबदारी एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे जाते. सुलभेचा नवरा सुभाष रानीचा बाप आहे, पण मुलीचं रोजचं काय, हा प्रश्न त्याच्यापाशी येऊन थांबतच नाही. आणि ‘ती गेली म्हणून संसार मोडला’ हा अर्थ मला मान्य नाही. शेवटी सुभाष दुसऱ्या स्त्रीशी असलेल्या संबंधांची कबुली देतो. ती निवड त्याची होती. शिवाय त्या घरात सुलभेला जागा नव्हतीच, अगदी ती घरात राहत होती तेव्हाही.

म्हणून तिसऱ्या भेटीला मी मुलीच्या बाबांना बोलावलं. माणूस चांगला, पण ‘आई आहेत ना’ यावर निर्धास्त. सकाळची अंघोळ, वेणी, शाळेची बस आणि रात्री झोपवणं त्यांच्याकडे आलं. दुपार आजीची. वेणी शिकायला त्यांना वेळ लागला. मुलीने वाकड्या वेण्या आनंदाने मिरवल्या.

निघण्याबद्दल मी ठाम होते: मूल झोपेत असताना गुपचूप जायचं नाही. रडलं तरी चालेल, पण निरोप घ्यायचा. नाहीतर प्रत्येक वेळी झोपताना ‘उठल्यावर आई असेल का’ ही धास्ती बसते. ‘लवकर येते’ हे लहान मुलाला कळत नाही. भिंतीवर कॅलेंडर लावून रोज एक चौकोन तिला स्वतःला रंगवू द्यायचा. आणि शनिवारी यायचं कबूल केलं असेल तर यायचंच. जमणार नसेल तर ते आधी आईनेच फोनवर सांगायचं.

परतल्यावर काय होऊ शकतं, हेही आधीच बोलून ठेवलं. पन्नासच्या दशकात जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी या बालमनाच्या अभ्यासकांनी आईपासून दूर, रुग्णालयात राहिलेल्या लहान मुलांचं बारकाईने निरीक्षण केलं. मुलं आधी आकांत करतात, मग खचतात, मग जणू आई नकोच असं वागतात. ही मुलं परक्या जागी, ओळखीच्या माणसांविना होती. आपल्या घरात बाबा आणि आजीजवळ राहणाऱ्या पाच वर्षांच्या मुलीची गोष्ट वेगळी आणि पुष्कळ सौम्य. पण आई आल्यावर पाठ फिरवणं घरोघरी दिसतं. ते विसरणं नसतं, तो राग असतो, आणि राग हक्काच्या माणसावरच निघतो.

तसंच झालं. पहिल्या सुट्टीला मुलगी आजीच्या मागे लपली. आजींनी तिला ना पुढे ढकललं, ना कवटाळून धरलं. त्या चहा ठेवायला उठून गेल्या. आई जवळच जमिनीवर बसून बॅगेतले कपडे काढत राहिली. रात्री मुलगी तिच्या अंथरुणात शिरली आणि ‘तू का गेलीस’ म्हणून भांडली. आईने उत्तर दिलं, माफी मागितली नाही.

बदली तिने स्वीकारली आहे. बाबांची रात्रीची कामं अजून मधूनमधून आजींवर येऊन पडतात, आणि त्यासाठी मी त्यांना पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं आहे.